वाचनालय हलवायचे म्हणजे काय काय हलवायचे?

नव्या ग्रंथालयाचा नकाशा पाहिला की कोणाचेही मन प्रसन्न होते. तळमजल्यावर वृत्तपत्रांचे दालन, वर अभ्यासिका, संगणकांची रांग, मुलांसाठी रंगीत खुर्च्या, वयस्करांसाठी लिफ्ट; आणि कोपऱ्यात कोठेतरी ‘पुस्तक विभाग’ असे दोन शब्द. नकाशासोबत बहुधा एक वाक्यही येते : आजूबाजूच्या वस्त्यांतील जुनी, मोडकळीस आलेली, वाचक घटलेली वाचनालये या नव्या वास्तूत सामावून घेतली जातील. मग नकाशावर चर्चा होते, खर्चावर होते, ठेकेदारावर तर फारच होते. ‘सामावून घेणे’ या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही. माझे आजचे सारे म्हणणे त्या एका शब्दापुरते आहे. आणि ते बेळगाव-निपाणीचे उदाहरण समोर ठेवून सांगावयाचे आहे, कारण हा शब्द तेथे जितका महाग पडतो तितका पुण्या-मुंबईत पडत नाही.

कोल्हापूरच्या वाचकांपुढे बेळगावची चर्चा कशाला, असे कोणी विचारू नये. आपल्या जुन्या घरांतून कोणाची आत्या बेळगावात दिलेली, कोणाचे आजोळ निपाणीचे. निपाणी तर येथून चाळीस किलोमीटरवर. शिवाय वाचनालयांच्या कुळकथेतही ही गावे एकमेकांची भावंडेच आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर त्याच सालचे, आणि आपले करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. इंग्रज साहेबाने उत्तेजन द्यावे, चार शास्त्रीमंडळींनी, दोन वकिलांनी आणि एखाद्या सरदाराने वर्गणी घालावी, आणि ‘नेटिव्ह लायब्ररी’ उभी राहावी, असा त्या काळचा सर्वसाधारण क्रम. साहेब गेले, सरदार गेले. वर्गणीची वही राहिली. पुढे तिच्यात कारकून, शिक्षक, व्यापारी यांची नावे चढली, आणि ‘नेटिव्ह’ जाऊन ‘सार्वजनिक’ आले.

बेळगावची आणखी एक गंमत नव्या पिढीला ठाऊक नसते. आज आपण ज्याला एक शहर म्हणतो ते संस्थानी काळात एका अमलाखाली नव्हते. गाव इंग्रजी मुलखात, लष्करी छावणीचा कारभार निराळा, आणि रेल्वेच्या पलीकडचे शहापूर चक्क सांगलीकर पटवर्धनांचे. सोनारांचे, विणकरांचे आणि साड्यांच्या व्यापाऱ्यांचे हे गाव १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. अर्थातच शहापूरकर वाचायला बेळगावात गेले नाहीत. त्यांनी आपले सरस्वती वाचनालय स्वतंत्र चालविले. अशा रीतीने जी वाचनालये एकमेकांपासून मैलभरावर उभी राहिली, ती एखाद्या अधिकाऱ्याने नकाशावर टिंबे देऊन वसविलेली नव्हती. ज्याची त्याची पेठ, ज्याची त्याची हद्द आणि ज्याची त्याची ईर्षा, यांतून ती झाली. आजचा नियोजनकार त्यांना ‘दुबार’ म्हणतो. कागदावर ती दुबार आहेतही. पण शहापूरच्या पंचाहत्तरीतल्या गृहस्थाला कपिलेश्वरचा पूल ओलांडून पुस्तक बदलायला जा म्हणावे, म्हणजे दुबार कशाला म्हणतात ते तो नीट सांगेल.

आता कायद्याकडे वळू. ग्रंथालयाच्या कायद्याचा विषय निघाला की कोल्हापूरकराने मान थोडी ताठ करायला हरकत नाही. हिंदुस्थानातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. मद्रासचा कायदा, ज्यामागे रंगनाथन यांची खटपट होती, तो १९४८ चा. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि आपला कायदा मागे पडला. पण मुंबई सरकारही त्या सुमारास स्वस्थ नव्हते. १९३९ साली आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल १९४० साली आला आणि १९४७ पासून तो थोडाथोडा अमलात येऊ लागला. त्या योजनेतली मला आवडणारी गोष्ट अशी की, गावात आधीच जे बरे वाचनालय असेल त्यालाच जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे ग्रंथालय म्हणून मान्यता द्यावी आणि अनुदान द्यावे, असे धोरण तिने घालून दिले. बांधलेल्या घराशेजारी सरकारने दुसरे घर बांधले नाही. त्याच घराची कौले शाकारून दिली.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढचा सगळा इतिहास वाचकांना पाठ आहे. महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेला दावा, हे मी येथे उगाळीत नाही. त्या वादाच्या गदारोळात एक छोटी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. म्हैसूरने १९६५ साली आपला ग्रंथालय कायदा केला तो निराळ्या पद्धतीचा. सरकारने स्वतःची ग्रंथालये उघडावीत, ती सर्वांना मोकळी असावीत, आणि त्यांसाठी नागरिकांकडून कर घ्यावा, ही ती पद्धत. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला तो जुन्या मुंबईच्या वळणावर : कर नाही, ग्रंथालये लोकांच्या संस्थांची, सरकारने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान द्यावयाचे. म्हणजे कागल तालुक्यातल्या खेड्यात चार मंडळींनी वाचनालय काढले तर ते अनुदानाच्या रांगेत उभे राहू शकते. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, सीमेपलीकडे, तशाच चार मंडळींनी काढलेले वाचनालय म्हणजे बहुधा त्यांची हौस ठरते.

दोन्ही पद्धतींत खोडी आहेत. अनुदानापुरती कागदावर जगणारी वाचनालये महाराष्ट्रात निघाली, हे आपण लपवू नये. उलट कर्नाटकातल्या पद्धतीत पैशाची सोय पक्की आणि दार सर्वांना उघडे; ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तिचा परिणाम सीमाभागात असा झाला की, जुनी मराठी वाचनालये एका बाजूला राहिली आणि सरकारी शाखा दुसऱ्या बाजूला वाढल्या. पुण्यात नव्या ग्रंथालयाने जुने वाचनालय सामावून घेतले तर मराठी पुस्तके एका मराठी कपाटातून दुसऱ्या मराठी कपाटात जातील. बेळगावात नव्या शाखेची मुख्य खरेदी कानडी आणि इंग्रजी. जुन्या वाचनालयातली पुस्तके एका खाजगी संस्थेची मालमत्ता. तेथे सामावून घेणे सोपे नाही. मग काय होते? कोणी हुकूम काढून वाचनालय बंद करीत नाही. नव्या शाखेत वीज, पंखा, इंटरनेट आणि फुकट बैठक मिळते म्हणून कॉलेजातली मुले तिकडे जातात. वृत्तपत्रे वाचायला येणारे म्हातारे एकेक करून कमी होतात. वर्गणी आटते. संध्याकाळी दार उघडणारा नोकर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नाही. पुढच्या पावसाळ्यात छत गळते. सामावून घेणे झाले. कोणी कोणावर अन्याय केला असे कोठेही लिहिलेले सापडत नाही.

बेळगावचे नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आले. रस्ते, दिवे, बागा यांबरोबर ग्रंथालयेही या नव्या कल्पनेत आली. टिळकवाडीत रवींद्र कौशिक यांच्या नावाचे ई-ग्रंथालय उभे राहिले. खेड्यांकडे पाहावे तर २०१९ साली कर्नाटकाने ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपविली, आणि आता त्यांना ‘अरिवू केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, असे नाव आहे. हे काम चांगले आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या घरी दोन खोल्या आणि सात माणसे असतात. त्याला शांत जागा मिळाली तर तिच्या विरुद्ध बोलणारा माणूस करंटाच म्हणावा लागेल. माझा प्रश्न एवढाच की, बैठक हे ग्रंथालयाचे एक अंग आहे. बाकीची अंगे कोणी मोजली काय?

मोजायची म्हणजे काय मोजायचे, ते सांगतो. गल्लीतल्या जुन्या वाचनालयात शिरावे. उंबऱ्याच्या आत तिरपा लाकडी फळा, त्यावर वृत्तपत्रे अडकविलेली. मुख्य पान एकाच्या हातात, क्रीडा पान दुसऱ्याच्या, आणि जाहिरातींचे पान लग्नाच्या मुलीच्या बापाच्या. पुढे देवघेवीची खिडकी. आत कपाटे, त्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या : कादंबरी, चरित्र, नाटक, प्रवास, धार्मिक, संकीर्ण. पुस्तकांना पुठ्ठा आणि कापडी पाठ, कारण एका वाचकाच्या दोन आठवड्यांत पुस्तक जितके झिजते तितके घरातल्या पुस्तकाला वीस वर्षे लागतात. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के. मला ते शिक्के वाचण्याचा नाद आहे. एखाद्या कादंबरीवर दर पंधरा दिवसांनी शिक्का, मग एकदम आठ वर्षे कोरी, मग पुन्हा एक शिक्का. आठ वर्षांनी त्या पुस्तकाला शोधीत कोण आले असेल, असा विचार मनात येतो. बाजूच्या टेबलावर दिवाळी अंक. जानेवारीपर्यंत त्यांची मुखपृष्ठे गळून पडलेली असतात आणि तरी ते नेले जात असतात. आणि खिडकीतला माणूस. ‘हे तुम्ही गेल्या वर्षी नेलं होतं, काकू, त्यापेक्षा हे घ्या,’ असे सांगणारी यादी कोणत्याही संगणकात आहे असे मला वाटत नाही. आता संगणकही असे काही सुचवितो म्हणतात. पण तो काकूंना ओळखत नाही.

मी गाणे शिकवितो, म्हणून माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. वडील दरबारी गवई. संस्थान गेल्यावरही सणावारी वाड्यावर त्यांची हजेरी असे. त्यांनी जे मिळविले ते सारे कानाने. छापलेली चीज घरात आली ती वाचनालयातून. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा आपला मोठा ग्रंथ मूळ मराठीत लिहिला, क्रमिक पुस्तकमालिकाही मराठीतून काढली, ही गोष्ट आता गाणाऱ्यांनाही सांगावी लागते. वझेबुवांचे ‘संगीत कला प्रकाश’, गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, देवधरांचे ‘थोर संगीतकार’. ही पुस्तके बेळगाव-धारवाडकडच्या गाणाऱ्या घरांना वर्ज्य नव्हती. त्या भागातले गाणे भाषेच्या चौकीवर अडत नव्हते. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी, शिक्षण मुंबईत देवधरांकडे. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, तालीम मिरजेला नीलकंठबुवांकडे. अशा प्रदेशात संगीताचे एक जुने मराठी कपाट निकालात निघाले, तर त्यातला तोटा मराठी माणसाइतकाच कानडी गायकाचाही आहे. आणि अशी पुस्तके नव्या खरेदीच्या यादीत पुन्हा येत नाहीत. खरेदी होते ती बाजारात असलेल्या आणि मागणी असलेल्या पुस्तकांची. ही तर छापायचीच थांबलेली असतात.

स्थानिक लेखकांचेही तसेच. इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावात गेले. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी लंपनच्या कथा लिहिल्या, त्यांतले मराठी बेळगावच्या बाजूचे, कानडीच्या शेजारात वाढलेले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘शारदा संगीत’, आणि त्यातली गाण्याची शाळा वाचताना आमच्यासारख्या मास्तरांना हसूही येते आणि थोडे अवघडल्यासारखेही होते. पु. ल. देशपांडे बेळगावात प्राध्यापक होते. तेथल्या मुक्कामाचे ‘रावसाहेब’ साऱ्या महाराष्ट्राने वाचले. अशा पुस्तकांना बेळगावच्या नव्या शाखेत जागा नसेल, तर त्या शाखेच्या पाटीवर कोणत्या गावाचे नाव घालायचे?

निपाणीची कथा आणखी निराळी. तंबाखूचे गाव. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची वस्ती ४ लाख ८८ हजार भरली, तर निपाणीची ६२ हजारांच्या वर. १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातला गोळीबार जुन्या वाचकांना आठवत असेल. येथे सीमा इतकी जवळ की, निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात येते. मूल सकाळी घरातून निघते, परक्या राज्यात शिकते आणि दुपारी आपल्या राज्यात जेवायला येते. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याला मराठी पुस्तक मिळते, पण ते पदवी घेईपर्यंत. पुढे? आणि जे कॉलेजात गेलेच नाहीत त्यांचे काय? विडी वळणाऱ्या बायांचे काय? त्यांचा दिवस विड्यांच्या हजारांत मोजला जातो. मोठ्या रस्त्यावरच्या प्रशस्त ग्रंथालयात सकाळी दहा ते पाच या वेळात त्यांनी यावे, ही अपेक्षा ज्याने केली त्याने विडीचे सूप मांडीवर घेतलेली बाई पाहिलेली नाही.

येथे थोडे दूरचे आठवते. क्यूबात, हवाना शहरी, चिरूट वळणाऱ्या कामगारांनी १८६५ साली एक रिवाज सुरू केला : आपल्यातून पैसे काढून एक वाचक ठेवायचा, त्याने उंच जागी बसून कामाच्या वेळी वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या. हात तंबाखूत, कान पुस्तकात. तो रिवाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. निपाणीने हवानाची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. पण तंबाखूच्या गावात ग्रंथालयाची शाखा आखताना वाचकाला इमारतीकडे आणायचे की पुस्तक वाचकाकडे न्यायचे, एवढा प्रश्न तरी पडायला हवा. बडोद्याला सयाजीरावांना तो पडला होता. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा तज्ज्ञ बोलाविला, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, आणि त्याच्या जोडीला पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरत्या ठेवल्या. मध्यवर्ती इमारतीचे कौतुक सारे करतात. पेट्यांचे कौतुक करणारे थोडे.

निपाणीचेच महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गॅरेजातली पोरे, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया ही त्यांची माणसे. २०२४ साली ते गेले. ज्या गावाचे जिणे त्यांनी लिहिले त्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांची सगळी पुस्तके एका ओळीत उभी असावीत, ही मागणी राजकारणाची म्हणता येईल काय?

मोठी इमारत बांधून लहान वाचनालये सोडून दिल्याने काय होते, हे पाहायला बर्मिंगहॅमकडे बघावे. इंग्लंडातल्या त्या शहराने २०१३ साली अठरा कोटी नव्वद लाख पौंड खर्चून प्रचंड ग्रंथालय उघडले, वाहवा झाली. दोन वर्षांत पैसे पुरेनात म्हणून आठवड्याचे ७३ तास कापून ४० वर आणले. २०२३ साली महापालिकेनेच हात वर केले आणि मग वस्त्यांतल्या वाचनालयांवर कुऱ्हाड आली. मोठी इमारत एकदा बांधली की तिची वीज, झाडलोट, लिफ्ट यांचा खर्च पहिला, पुस्तके दुसरी, गल्ली शेवटची. अमेरिकेतल्या सिॲटलने उलटे केले. १९९८ साली नागरिकांनी १९ कोटी ६४ लाख डॉलरचे कर्ज मतदानाने मंजूर केले, त्यातून नवे मध्यवर्ती ग्रंथालय झाले. पण त्याच कर्जातून वस्त्यांतल्या शाखाही दुरुस्त झाल्या, नव्या बांधल्या गेल्या, संख्या वाढली. हिशेब एकच, फक्त तो मांडताना गल्ली आधी धरली होती. घरचेच उदाहरण हवे असेल तर १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. एकेकाळी त्याच्या चाळीसच्या वर शाखा होत्या. त्यांतल्या पुष्कळ मिटल्या. दादर-नायगावकडची वास्तू जागेवर असली म्हणून ज्याच्या दारची शाखा मिटली तो लोकल गाडीने पुस्तक बदलायला गेला, असे फारसे झाले नाही. त्याने वाचायचे सोडले.

आता आपल्या मंडळींनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. जुने वाचनालय म्हटले की आपल्याला गहिवर येतो. पण त्यातल्या कित्येकांचे दार अनामत रकमेइतकेच उंच होते. आळीतला बलुतेदार, मोलकरणीची मुलगी, मागावरचा विणकर यांनी आत येऊ नये अशी पाटी कोठे नव्हती; त्यांना आत यावेसे वाटेल असेही काही नव्हते. सरकारी शाखेत कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही, हे तिचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. दुसरे असे की, बऱ्याच कार्यकारी मंडळांत साठीच्या आतला माणूस सापडत नाही. बाईमाणूस तर महिला दिनापुरते. पुस्तकांची छाननी वर्षानुवर्षे झालेली नसते; वाळवीने खाल्लेले आणि कोणी कधी न नेलेले यांचाही मान दुर्मिळ ग्रंथाइतकाच ठेवला जातो. काही वाचनालये बंद होतील, आणि त्यांतली काही व्हावीतही. ज्या खोलीत आठवड्यातून एकदा दार उघडते ती चालू आहे असे म्हणणे ही आपलीच फसवणूक आहे.

परंतु बंद करायचे तरी त्याला रीत आहे. आणि चालू ठेवायचे तर त्यालाही आहे. बेळगावातल्या मराठी नागरिकाच्या हातात एक साधे साधन आहे, त्याचा उपयोग फारसा झालेला दिसत नाही. तो जो मालमत्ता कर भरतो त्यावर ग्रंथालयाचा अधिभार असतो, शेकडा ६. घर मराठी माणसाचे असो, कानडी माणसाचे असो की उर्दू बोलणाऱ्याचे. सहा रुपये सर्वांचेच जातात. म्हणजे शहराच्या ग्रंथालयात मराठी आणि उर्दू पुस्तकांची खरेदी ही मेहेरबानीची बाब राहात नाही. पैसे भरलेले आहेत, पावती कपाटात आहे. कायद्याने शहरासाठी ग्रंथालय प्राधिकरण ठेवले आहे आणि त्याचे अध्यक्षपद महापौरांकडे आहे. बेळगावच्या महापौरपदावर मराठी माणसे कितीतरी वेळा बसली. फलकांच्या भाषेचा प्रश्न त्या खुर्चीवरून वारंवार निघाला, आणि निघायलाही हवा होता. पण शाखेत वर्षाला किती मराठी पुस्तके आली हा प्रश्न तितक्या जोराने निघाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. घटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा जतन करण्याचा हक्क प्रत्येक समूहाला दिला आहे. तो हक्क सभेत सांगावा तसा पुस्तकखरेदीच्या बैठकीतही सांगावा. तेथे टाळ्या मिळत नाहीत एवढेच.

अधिभाराच्या बाबतीत आणखी एक पाहण्यासारखे असते. तो गोळा करते महापालिका आणि खर्च करते ग्रंथालय खाते. कर्नाटकात, विशेषतः बंगळूरला, गोळा झालेली रक्कम ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोचत नसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे गाजल्या. तेव्हा नव्या शाखेसाठी पैसा नाही असे उत्तर आले, तर आधी गोळा झालेला पैसा कोठे आहे, हे विचारायला कोणताही नागरिक मोकळा आहे. आणि सरकारी शाखेव्यतिरिक्त जी जुनी वाचनालये जगवायची आहेत, त्यांना कलकत्त्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे दार आहे. १९७२ पासून ही केंद्र सरकारची संस्था पुस्तके, कपाटे, इमारत यांसाठी मदत देते, आणि स्वयंसेवी संस्थांच्या ग्रंथालयांनाही देते. अर्ज इंग्रजीत आणि कागदपत्रे पुष्कळ, म्हणून आपली मंडळी कंटाळतात. कंटाळणाऱ्यांनी निवृत्त हेडक्लार्क गाठावा. बेळगावात त्यांची वाण नाही.

नवी शाखा आखणाऱ्यांकडून मला मिळवायचे ते फार नाही. जी जुनी जागा बंद करायची तिच्यापासून नव्या दारापर्यंत सहा वर्षांच्या मुलाला घेऊन एकदा चालत जावे, आणि मध्ये किती मोठे रस्ते ओलांडावे लागले ते नकाशावर लिहावे. रस्ता अवघड निघाला तर जुन्या जागेत निदान वृत्तपत्रांची बैठक आणि एक देवघेवीची खिडकी ठेवावी. सारी पुस्तके तेथे नकोत, दर महिन्याला नव्या शाखेतून एक पेटी आली तरी पुरे. संध्याकाळी आठपर्यंत दार उघडे राहावे, कारण काम करणारा माणूस तेव्हाच मोकळा होतो. कानडी, मराठी, उर्दू पुस्तके एकाच दालनात असावीत, निरनिराळ्या मजल्यांवर नकोत. सीमाभागातल्या मुलाला तीनही लिप्या समोरासमोर दिसल्या तर त्याचे बिघडणार काहीच नाही. खरेदी समितीत जुन्या वाचनालयाचा एक ग्रंथपाल घ्यावा, पगारी असो वा मानद. त्या भागात गल्लीला काय आवडते ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

आणि पुस्तके हलविण्याआधी दाखल नोंदवही हलवावी. प्रत्येक जुन्या वाचनालयात ही जाडजूड वही असते : दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथनाम, लेखक, किंमत, कोणाकडून मिळाले, आणि शेवटी ‘शेरा’. त्या शेऱ्याच्या रकान्यात ‘जीर्ण’, ‘गहाळ’, ‘बाद’ असे शब्द लाल शाईने घातलेले आढळतात. कित्येक ठिकाणी ही वही म्हणजे गावाने दीडशे वर्षे काय वाचले याचा एकमेव पुरावा आहे, आणि रद्दीवाला ती पुस्तकांच्या आधी उचलतो, कारण वजन चांगले भरते. तिची पाने एक दिवस बसून छायाचित्रित करून ठेवता येतात. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. तेवढे झाल्यावर मग कपाटे उघडावीत, एकेक पुस्तक वहीशी ताडून पाहावे, आणि शेऱ्याच्या पुढे कोऱ्या जागेत आणखी एक रकाना आखावा : पुस्तक कोठे गेले.